आधी वजन, मग तवक्कुल

गेल्या डिसेंबरात अर्धपगारी रजा टाकून मी अम्मीला घेऊन आपाकडे केपटाउनला गेले होते. आपाला तिकडे देऊन वीसेक वर्षं झाली. सासर मूळचं आमच्याच खेड तालुक्यातलं. दूल्हाभाईंचे आजोबा बोटीनं तिकडे गेले आणि तिथलेच झाले. रायलँड्स भागात आजही गल्लोगल्ली कोकणी आडनावं दिसतात. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आपली कोकणी आहे, पोरांच्या तोंडी इंग्रजी आणि आफ्रिकान्स.

आम्ही पोहोचलो त्या आठवड्यात घरात एकच विषय चालू होता. कॅम्पिंगला जायचं, त्यासाठी ट्रेलर कोणता घ्यायचा आणि गाडीला टो-बार कोणता बसवायचा. मला आधी हसूच आलं. आपल्याकडे घरात पाहुणे आले की बिर्याणीचा बेत ठरतो, इथे लोखंडाचा बेत चालला होता. पण चार दिवसांत त्या चर्चेत मीच सगळ्यात जास्त शिरले. त्यातून जे मत बनलं ते इथे मांडते आहे. मत ट्रेलरबद्दल आहे, पण ज्यांच्या दारात ट्रेलर कधी येणार नाही त्यांच्याही कामाचं आहे असं मला वाटतं.

आधी हे कॅम्पिंग काय प्रकरण आहे ते सांगते. केपटाउनच्या मुस्लिमांमध्ये सुटीत तंबू ठोकून राहण्याची रीत जुनी आहे. डच लोकांनी इंडोनेशियातून हद्दपार करून 1694 साली केपला आणलेल्या शेख यूसुफ यांचा मजार शहराबाहेर मकासर इथे आहे. ईस्टरच्या सुटीत त्या मजाराच्या आसपास तंबूंची वस्तीच उभी राहत असे. आजी, नातवंडं, गाद्या, पातेली, सगळा कबिला निघायचा.

ह्या हौसेला एक कडू बाजूही आहे. ती मला दूल्हाभाईंच्या आईनं सांगितली. वर्णभेदाच्या काळात 1953 चा वेगळ्या सोयींचा कायदा होता. समुद्रकिनारे, बाकं, हॉटेलं गोऱ्यांसाठी वेगळी. तो कायदा 1990 मध्ये रद्द झाला, म्हणजे माझ्या आपाचा जन्म झाल्यानंतरसुद्धा तो चालूच होता. खालाजान म्हणाल्या, "आम्हाला हॉटेलात घेत नसत, मग आम्ही आमचं घरच उचलून न्यायचो. जिथे परवानगी असेल तिथे तंबू ठोकायचा आणि तीन दिवस कुणाची मिन्नत करायची नाही."

हे ऐकताना मला माझीच एक गोष्ट आठवली. तीनेक वर्षांपूर्वी मुलांच्या सुटीत आम्ही एका पर्यटनाच्या गावी गेलो होतो. फोनवर खोली आहे म्हणून सांगितलेलं. दारात उभं राहून आधार कार्ड पुढे केल्यावर खोली अचानक भरलेली निघाली. कुणी वाईट बोललं नाही, आवाजही चढवला नाही. संध्याकाळ झालेली, अम्मी गाडीत बसलेली. आम्ही रात्री दोन वाजता घरी परत आलो. त्या काळाशी आणि त्या कायद्याशी ह्याची बरोबरी मी करत नाही. आपल्याकडे प्रेमानं घरात घेणारी माणसं मला त्याहून कितीतरी जास्त भेटली आहेत. पण "आपलं घर आपल्याबरोबर" ह्या कल्पनेत काय सुख असेल ते मला त्या दिवशी कळलं. म्हणून कॅम्पिंग म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

आता ट्रेलरकडे येते. माणसं सात: आपा, दूल्हाभाई, तीन मुलं, अम्मी आणि मी. गाडी सात आसनांची. सातही आसनं भरली की मागे दोन पिशव्यांपुरती जागा उरते. छपरावर कॅरिअर लावता येतो, पण छपराला वजनाची मर्यादा असते. साधारण मोटारींना ती 50 ते 100 किलोंच्या मध्ये कुठेतरी असते, आणि वर चढवलेलं वजन गाडीला वळणावर कलंडवू पाहतं. तेव्हा मागे ट्रेलर जोडणं हाच शहाणपणाचा मार्ग होता. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत.

मतभेद पुढे सुरू झाले. दूल्हाभाईंनी एक जुना, उंच, झाकणाचा ट्रेलर पसंत केला होता. रिकामा 290 किलो, आणि भरून जास्तीत जास्त 750 किलोपर्यंत चालेल असं त्याच्या पत्र्यावर कोरलेलं. विकणारा म्हणाला, "साडेसातशेच्या आतल्या ट्रेलरला ब्रेक लागत नाही, बिनधास्त न्या." भाव चांगला, रंग चांगला, पत्रा जाड. भाचा तर त्यात चढून बसलाच.

मी भाषा शिकवते. वाक्य अर्धवट उद्धृत केलं की मला लगेच संशय येतो. रात्री भाच्याला घेऊन बसले आणि तिथला नियम नीट वाचला. विकणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं, पण वाक्याचा पहिला अर्धा भागच सांगितला होता. पूर्ण नियम असा आहे: ट्रेलरचं मंजूर भरलेलं वजन 750 किलोंच्या आत असलं पाहिजे आणि ते ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. दोन्ही अटी पाळल्या तरच ब्रेकाविना चालतं. एक जरी मोडली तरी ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवा. दक्षिण आफ्रिकेत गाडीच्या काचेवर परवान्याचा गोल कागद चिकटवलेला असतो, त्यावर गाडीचं रिकामं वजन छापलेलं असतं. आपाच्या गाडीचं होतं 1,280 किलो. निम्मे झाले 640. म्हणजे 750 चा तो ट्रेलर त्या गाडीमागे ब्रेकाविना जोडणं मुळातच नियमाबाहेर. त्यात एक चमचा ठेवायच्या आधीच.

मग गाडीचं पुस्तक काढलं. हे पुस्तक बहुतेक घरांत गाडीच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहतं. त्यात कंपनीनं लिहिलं होतं, ब्रेक नसलेला ट्रेलर जास्तीत जास्त 550 किलो. आता तीन आकडे झाले: ट्रेलरच्या पत्र्यावरचा, कायद्याचा आणि गाडीच्या पुस्तकातला. चौथा आकडा टो-बारवरच्या पट्टीवर असतो. ह्यातला सगळ्यात मोठा आकडा विकणारा सांगतो. आपला आकडा मात्र ह्यातला सगळ्यात लहान. आपल्यासाठी तो 550 होता.

राहिला प्रश्न सामानाचा. "सामान असं किती असणार?" दूल्हाभाई म्हणाले, "दीडशे किलो, फार तर दोनशे." मी आपाकडे पाहिलं, आपानं माझ्याकडे. बांधाबांध कोण करतं? बायका करतात. आणि ट्रेलर कोण पसंत करतं? पुरुष करतात. सामान उचलणारीला विचारल्याशिवाय सामानाची गाडी घेतली जाते, हे काही केपटाउनचंच वैशिष्ट्य नाही. आपल्याकडेही फ्रीज, कपाट आणि स्वयंपाकघराचा ओटा असाच येतो.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आणला. मी एकेक वस्तू हातात घेऊन काट्यावर उभी राहायची, भाची माझं वजन वजा करून वहीत लिहायची. माझं वजन सगळ्या घराला कळलं, तो भाग सोडून द्या. वही अशी झाली:

मोठा कॅनव्हासचा तंबू, खांब-खुंट्यांसह 46 किलो. लहान तंबू 11. गाद्या, रजया, उशा 38. घडीचं टेबल आणि खुर्च्या 34. गॅसचा बाटला आणि शेगडी 25. पातेली, तवा आणि पॉइकी 30. पॉइकी म्हणजे तीन पायांचं बिडाचं भांडं, निखाऱ्यावर ठेवायचं. ते एकटंच 13 किलोंचं निघालं. तांदूळ, पीठ, डबे 32. बर्फ आणि मटण भरलेली थंड पेटी 34. पाण्याचे दोन मोठे कॅन 52. उन्हासाठी मांडव 21. लाकडं आणि कोळसा 24. मुलांच्या दोन सायकली 26. अम्मीची हातांची खुर्ची 9.

एकूण 382 किलो. दूल्हाभाईंच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट.

त्या उंच ट्रेलरचे 290 मिळवले की झाले 672. म्हणजे गाडीची मर्यादा 122 किलोंनी ओलांडली असती. आणि रिकाम्या जागेला मोह असतो. उंच ट्रेलर अर्धा रिकामा दिसला असता, आणि "जागा आहेच, तर हेही घेऊ" म्हणत आणखी शंभरेक किलो त्यात गेले असते. म्हणून माझं पहिलं मत हे: ट्रेलर घेताना मोठा घेऊन ठेवू, लागला तर उपयोगी पडेल, हा विचार चुकीचा आहे. कपडे वाढत्या अंगाचे घेतात, ट्रेलर नाही.

शेवटी एक लहान, बसका ट्रेलर घेतला. रिकामा 150, भरलेला मंजूर 500. आता सामान 350 च्या आत बसवायचं होतं. पाणी मुक्कामावर मिळतं, तिथेच भरू: 52 गेले. लाकडं तिथेच विकत घेऊ: 24 गेले. सायकलींवरून रडारड झाली, पण 26 गेले. उरले 280. ट्रेलर धरून 430 किलो. सगळ्या मर्यादांच्या आत आणि वर थोडी सैल जागा. पॉइकी काढावी असंही मी सुचवलं होतं. त्यावर खालाजाननी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

मोठा ट्रेलर घेऊन त्याला ब्रेक बसवता आला नसता का? आला असता. ब्रेक असलेल्या ट्रेलरला मर्यादा जास्त असते. पण खर्च वाढतो, निगा वाढते, आणि तिथे मंजूर वजन 750 च्या पुढे गेलं की साधा मोटारीचा परवाना पुरत नाही, ट्रेलरचा वेगळा काढावा लागतो. वर्षातून तीनदा जाणाऱ्या कुटुंबाला लहान ट्रेलर आणि आटोपशीर सामान परवडतं. ज्यांना दर महिन्याला जायचं आहे त्यांनी ब्रेकाचा घ्यावा.

आता टो-बार. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गाडीच्या मागच्या बंपरखालून बाहेर येणारा हा जाड लोखंडी दांडा असतो. तो आत चासीला नटबोल्टनं घट्ट बसवलेला असतो आणि टोकाला 50 मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. ट्रेलरची कुलपासारखी वाटी त्या गोळ्यावर बसते. सगळं कुटुंब आणि मागची सगळी वाहनं त्या गोळ्याच्या भरवशावर असतात. आपाच्या गाडीला आधीच्या मालकानं बसवलेला टो-बार होता. चांगला मजबूत दिसत होता. पण त्यावर पट्टी नव्हती. किती वजनासाठी, कुणी केला, कुठल्या गाडीसाठी, काहीच कळत नव्हतं. खाली वाकून पाहिलं तर एका बाजूला वेल्डिंग केलेलं. दूल्हाभाई म्हणाले, "इतकी वर्षं चाललं की." मी म्हटलं, "ओढलं काय होतं त्यानं?" तर आधीच्या मालकानं फक्त सायकलींचा स्टँड लावलेला.

तो काढला. त्याच गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेला, वजनाची पट्टी असलेला, कंपनीनं दिलेल्या भोकांतच बोल्ट बसणारा नवा टो-बार घेतला. गोळा काढता येणारा घ्यावा की कायमचा, ह्यावर बरंच बोलणं झालं. काढता येणारा महाग असतो, पण एरवी रिव्हर्स घेताना कुणाच्या नडगीला लागत नाही आणि नंबरप्लेटही झाकत नाही. बजेट नसेल तर कायमचा चालेल. पण पट्टी नसलेला, वेल्डिंगचा, "आमच्या माणसानं करून दिलेला" टो-बार मी फुकट दिला तरी घेणार नाही. पैसे वाचवायचे तर तंबूत वाचवा, खुर्च्यांत वाचवा. इथे नाही.

आपल्यात एक सवय आहे, आणि ती सांगताना मला थोडं अवघड वाटतं, कारण ती माझ्या घरातही आहे. गाडीत बसताना आपण दुआ पढतो, आणि ती पढली की बाकीचं अल्लाहवर सोडतो. टायर घासलेला असो, सात जागी अकरा माणसं असोत. "अल्लाह मालिक है." उंट मोकळा सोडून भरवसा ठेवायचा की आधी बांधायचा, ह्या प्रश्नाचं उत्तर आपल्या रसूलांनी (स.अ.व.) कधीच देऊन ठेवलेलं आहे. मदरशातल्या लहान मुलालाही ते पाठ असतं. आधी बांधणं आलं, मग तवक्कुल. मला वाटतं, आजच्या काळात बांधणं म्हणजे वजन करणं, पट्टी वाचणं, बोल्ट पाना लावून तपासणं. गाडीत बसलेली अम्मी आपल्याकडे अमानत आहे. मागून स्कूटरवर येणारा अनोळखी माणूसही अमानतच आहे.

हे लिहिताना मी शहाणपणाचा आव आणत नाही, कारण पहिल्याच चाचणीत आमचीच चूक झाली. निघण्याआधी दोन दिवस सामान भरून एन-2 महामार्गावर एक फेरी मारायचं ठरलं. भाच्यानं ट्रेलर भरला. थंड पेटी पटकन हाताला लागावी म्हणून अगदी मागच्या दाराशी, तिच्या शेजारी गॅसचा बाटला आणि पॉइकी. पुढे गाद्या. केपटाउनला उन्हाळ्यात आग्नेयेकडून जोरदार वारा सुटतो. वेग नव्वदच्या आसपास गेला आणि ट्रेलर शेपटासारखा हलायला लागला. आधी हळू, मग गाडीलाही डावीउजवीकडे ओढत. मी मागे बसले होते आणि माझ्या तोंडून आवाजही फुटेना. दूल्हाभाईंनी एक गोष्ट बरोबर केली. ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग झटकलं नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि चाक सरळ धरून ठेवलं. वेग उतरला तसा ट्रेलर शांत झाला. आम्ही कडेला थांबलो. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही.

कारण समजायला मला पुस्तक लागलं नाही. आमच्या दादांची बैलगाडी होती. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेला गळफास बसायला लागतो, हे आम्ही लहानपणी पाहिलेलं. माल पुढे जास्त झाला तर बैलांची मान खाली दबते. जुने गाडीवान पोती मागेपुढे सरकवून धुरीवर अंदाजानं भार जोखायचे. ट्रेलरचं तेच आहे. पुढच्या टोकाचा भार टो-बारच्या गोळ्यावर खाली दाबला गेला पाहिजे. एकूण वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के. आमच्या 430 किलोंना तो 22 ते 43 मध्ये हवा होता. घरी येऊन ट्रेलर सपाट जागी उभा केला आणि वाटीखाली लाकडाचा ठोकळा लावून तो वजनकाट्यावर टेकवला. काटा दाखवत होता 6 किलो. ट्रेलर जवळजवळ उलाळलेलाच होता.

मग सगळं पुन्हा भरलं. जड वस्तू तळाला, चाकांच्या वर आणि किंचित पुढे. हलक्या वस्तू मागे आणि वर. काटा 34 वर आला. हा भार गाडीच्या मागच्या चाकांवर पडतो, म्हणून तो गाडीच्या एकूण ओझ्यातही धरायचा, हे भाचीनं वहीत लाल शाईनं लिहिलं. ट्रेलरच्या टायरांत हवा भरली. ट्रेलर वर्षातले अकरा महिने उन्हात उभा असतो, त्याचे टायर झिजण्याआधीच तडकतात, म्हणून कडांना भेगा नाहीत ना ते पाहिलं. ट्रेलरचं वेगळं स्टेपनी घेतलं. वाटी गोळ्यावर बसल्यावर ट्रेलरचा पुढचा दांडा वर उचलून पाहायचा. गाडीचा मागचा भाग त्याबरोबर उचलला गेला तर वाटी बसली आहे. मग सुरक्षेची साखळी, मग दिव्यांची वायर, मग एकानं मागे उभं राहून ब्रेकचा आणि वळणाचा दिवा पाहायचा. हे काम अम्मीनं मागून घेतलं. खुर्ची टाकून ती मागे बसायची आणि मोठ्यानं सांगायची, "डावा लागला. उजवा लागला. आता लाल."

दोन दिवसांनी निघालो. सर लॉरीज पासचा घाट चढलो, वर वारा तसाच होता. ट्रेलर सरळ मागे येत राहिला. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरलो, कारण ब्रेक नसलेला ट्रेलर उतारावर गाडीला मागून ढकलतो. सगळा प्रवास ऐंशीच्या आसपास. मागच्या गाड्या पुढे जात होत्या, जाऊ दिल्या.

तीन रात्री तंबूत काढल्या. जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्या अम्मीला तिथे उत्तरेकडे, जरा पूर्वेला कलून, उभं राहायचं होतं. ती दर वेळी भाच्याला दिशा विचारायची. प्रवासातली कसर नमाज, समोर डोंगर. रात्री मटण पुरुषांनी शिजवलं, भांडी मुलांनी घासली. पॉइकीतलं मटण खाऊन मी खालाजानची माफी मागितली. आपा म्हणाली, वर्षातले हे तीनच दिवस असे असतात की मी बसते आणि दुसरे उठतात. आपल्याकडे सहलीला गेलं की बायका घरातून उठून तिथे जातात आणि तिथे चूल मांडतात. वजनाच्या वहीइतकीच ही वाटणीही आधी ठरवायला हवी, हे माझं दुसरं मत.

आता इथलं. हे वाचून कुणी उद्या गाडीला टो-बार लावायला निघेल, तर थांबा. आपल्याकडे ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन आहे. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून आधी आपल्या आरटीओत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आपल्याकडे अनेक गाड्यांच्या मागे जो लोखंडी हूक दिसतो, तो बहुतेकांनी काही ओढायला लावलेला नसतो. मागून कुणी ठोकलं तर बंपर वाचावा म्हणून लावलेला असतो. तो धक्का बंपरनं सोसण्याऐवजी थेट चासीत जातो, आणि धडकणाऱ्या दुचाकीवाल्याच्या गुडघ्याचं काय होतं ते सांगायला नको. तो काढून टाका, इतकंच म्हणेन.

पण वजनाची वही इथेही चालते, किंबहुना इथेच जास्त लागते. ईदला, लग्नाला, मे महिन्यात मुंबईहून गावी येणाऱ्या गाड्या मी दर वर्षी बघते. आत आठ-नऊ माणसं, मांडीवर मुलं, छपरावर बॅगा, त्यांच्यावर तांदळाचं पोतं आणि वर ताडपत्री. घाटात वळणावर ती गाडी कशी झुकते ते मागून येणाऱ्यालाच दिसतं. आत बसलेले निवांत असतात, कारण दुआ पढून झालेली असते. प्रत्येक गाडीच्या पुस्तकात एकूण मंजूर वजन लिहिलेलं असतं. त्यातून गाडीचं रिकामं वजन वजा करा. जे उरतं त्यात माणसं आणि सामान दोन्ही बसवायचं. साध्या पाच आसनी गाडीत हा आकडा बहुतेक वेळा चारशे-साडेचारशे किलोंच्या आसपास येतो. पाच मोठी माणसं बसली की त्यातले साडेतीनशे गेले. उरलेल्यात पोतं बसतं का, ते आपणच पाहायचं. नसेल बसत तर पोतं एसटीच्या पार्सलनं पाठवा, किंवा तांदूळ गावी विकत घ्या. गावी तांदूळ मिळतो.

ह्या मे महिन्यात आम्ही दापोलीच्या बाजूला ओळखीच्यांच्या वाडीत दोन रात्री तंबू ठोकणार आहोत, इन्शाअल्लाह. आपली गाडी, पाच माणसं, ट्रेलर नाही. वजनकाटा दाराशी आणून ठेवला आहे. माझ्या मुलानं क्रिकेटचं किट आणलं, ते साडेआठ किलो भरलं. त्यातली एक बॅट आणि बॉल ठेवून बाकी घरी राहणार आहे. अम्मीच्या खुर्चीचे नऊ किलो मात्र मी सगळ्यात आधी लिहून ठेवले आहेत.